नवं मशीन घेण्याआधी झाकण उघडा

डेस्कटॉप जुना झाला की घरात, दुकानात, शाळेत एकच सल्ला मिळतो : "आता यावर पैसे घालू नका, नवीनच घेऊन टाका." सांगणारा विक्रेता असो, इंजिनिअरिंगला असलेला भाचा असो की ऑफिसातला जाणकार, सल्ला बदलत नाही. मला तो मान्य नाही. घरातल्या आणि कचेरीतल्या रोजच्या कामाला लागलेल्या आठ-दहा वर्षांच्या बहुतेक मशीनचं एक-दोन भाग बदलून भागतं. नवं का हवं, हे पटवून देण्याची जबाबदारी 'नवीनच घ्या' म्हणणाऱ्यावर टाकली पाहिजे. त्या बाजूचे चार मुद्दे नेहमी पुढे येतात. ते आधी तपासू.

पहिला मुद्दा : मशीन स्लो झालं, म्हणजे प्रोसेसर दमला. प्रोसेसर वयामुळे मंदावत नाही. मशीन सुरू झालंय, स्क्रीनवर सगळं दिसतंय, पण क्लिक केलेलं काही उघडत नाही, अशा वेळी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर पाहा. पुष्कळदा डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतात आणि प्रोसेसरच्या रकान्यात दहा-पंधरा. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहतोय. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते; हेड तिथवर सरकण्याचा वेळ वेगळाच. त्यामुळे विखुरलेली माहिती वाचताना ही डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणी पोचते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. साधी साटा एसएसडीही सेकंदाला हजारो ठिकाणी वाचते. तीच साटा केबल, तीच पॉवरची वायर, जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं क्लोन करून घ्यायचं, की मशीन वेगळं वाटायला लागतं. चार जीबी रॅम असेल तर आठ किंवा सोळा करायची.

यात उष्णतेचाही वाटा असतो, आणि तो नवीन घ्या म्हणणाऱ्यांना दिसत नाही, कारण त्यांनी झाकणच काढलेलं नसतं. प्रोसेसरवरचा पंखा उचला. खाली हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ नमद्यासारखी घट्ट बसलेली असते, त्याखालची थर्मल पेस्ट वाळून तडकलेली असते. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ब्लोअर आणि पेस्टची एक ट्यूब, एवढाच त्यावर इलाज.

दुसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, प्रोसेसरही साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा लागतो. हे खरं आहे. पण यावरून सरसकट सगळी जुनी मशीन मोडीत निघत नाहीत. २०१८ किंवा त्यानंतर जुळवलेल्या अनेक मशीनमध्ये टीपीएम आतच असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने. ते चालू केलं की दार उघडतं. त्याहून जुन्या मशीनवर ब्राउझर, पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू उत्तम चालतं, मराठी युनिकोड टायपिंगसकट. ज्यांचं काम विंडोजवरच्याच एखाद्या सॉफ्टवेअरशी बांधलेलं आहे, त्यांची अडचण मात्र खरी आहे. सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणाऱ्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हेही मी तितक्याच ठामपणे सांगेन. अशा माणसाने नवं घ्यावं. पण त्याच्या अडचणीचं कारण दाखवून शेजाऱ्याचं चांगलं मशीन भंगारात काढू नये.

तिसरा मुद्दा : अपग्रेडवर घातलेला पैसा वाया जातो. काय विकत घेतलं, यावर ते ठरतं. एसएसडी वाया जात नाही. उद्या बोर्ड बदलला तरी ती त्यावर लागते. डीडीआर३ रॅम पुढच्या बोर्डावर चालत नाही, म्हणून ती जुन्या बाजारातूनच आणि गरजेपुरतीच घ्यावी. प्रोसेसरच्या बाबतीत सॉकेट पाहावं. २०१७ साली आलेल्या अनेक एएम४ बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो. एवढ्या एका बदलात मशीनची कित्येक वर्षं वाढतात. उलट इंटेलच्या २०१५च्या एलजीए ११५१ बोर्डावर २०१७ची आठवी पिढी चालत नाही, सॉकेटवरचा आकडा तोच असला तरी. हे न पाहता खरेदी केली तर पैसा बुडतो, पण तो दोष अपग्रेडचा नाही. आणि नवं घेण्याचा खर्चही पाहा. एएमडीच्या एएम५ला आणि इंटेलच्या एलजीए १८५१ला डीडीआर५च लागते. २०२५च्या अखेरीस डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव कडाडले. अशा वेळी हातातली चांगली डीडीआर४ सोडून देणं शहाणपणाचं नाही.

चौथा मुद्दा विजेचा. समजा, जुनं मशीन नव्यापेक्षा ३० वॅट जास्त खातं. रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७२ युनिट होतात. दहा रुपये दराने वर्षाला ७२० रुपये. एवढ्या बचतीतून नव्या मशीनची किंमत वसूल व्हायला किती वर्षं लागतील, हे ज्याचं त्याने मोजावं.

आता माझी बाजू. डेस्कटॉप ही सुट्या भागांची जुळणी आहे, म्हणून 'जुनं की नवं' हा प्रश्न अख्ख्या मशीनला न विचारता भागाभागाला विचारावा. क्रमही ठरलेला असावा : आधी साफसफाई, मग एसएसडी, मग रॅम, मग ऑपरेटिंग सिस्टिम, मग गरज असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि त्याला पुरेल असा एसएमपीएस. मदरबोर्ड सर्वांत शेवटी, कारण तो बदलला की बहुधा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. तिथे अपग्रेडची हद्द संपते. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत, ब्रँडेड मशीनमध्ये कंपनीचाच वेगळा एसएमपीएस आहे, किंवा काम फोर-के व्हिडिओ एडिटिंगचं आहे आणि बोर्ड डीडीआर३चा, अशा वेळी नवं जुळवावंच. तेव्हाही मॉनिटर, कीबोर्ड, एसएसडी आणि साध्या मापाचं कॅबिनेट कामी येतं. आणि नवं जुळवताना रॅमचे दोन स्लॉट मोकळे राहतील असा बोर्ड आणि प्रमाणित एटीएक्स एसएमपीएस घ्यावा, म्हणजे पुढच्या वेळी हीच दुरुस्ती सोपी होते.

हा फक्त बचतीचा प्रश्न नाही. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. उरलेल्याचा मोठा वाटा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये उघड्या हातांनी फोडला जातो, तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. चालू शकणारं मशीन फेकण्याची किंमत तिथली माणसं आपल्या फुफ्फुसांनी मोजतात.

म्हणून शाळा, ग्रंथालयं, पतसंस्था आणि सरकारी कचेऱ्यांकडे माझी स्पष्ट मागणी आहे. डेड स्टॉक रजिस्टरमधले संगणक निर्लेखनाला काढण्याआधी प्रत्येक मशीनचं झाकण उघडून कोणता भाग निकामी आहे, हे लेखी नोंदवा. 'जुने व मंद' हा शेरा पुरेसा धरू नका. दुकानदारालाही कोटेशनमध्ये कोणता भाग का बदलायचा, ते लिहून द्यायला लावा. जो भागाचं नाव आणि कारण सांगू शकत नाही, त्याच्या सल्ल्यावर अख्खं मशीन बदलू नका.