चेंडू दूर जातो तो कशाने?

शरीरबळाविषयी आपल्या समाजात एक भाबडी श्रद्धा आहे. जो अंगाने थोराड, तोच चेंडू लांब मारणार, असे गृहीत धरून शाळेच्या मैदानावर निवड होते आणि किरकोळ अंगाची मुले-मुली चेंडू आणून देण्यापुरती उरतात. सॉफ्टबॉल हा खेळ मराठवाडा-खानदेशातील शाळांतून खेळला जातो. या दोहोंच्या वेशीवरील फर्दापूरसारख्या गावी म्हणूनच हा प्रश्न केवळ क्रीडाशास्त्राचा राहत नाही. संधी कोणाला नाकारली जावी, असा तो प्रश्न होतो.

पदार्थविज्ञानाचा कौल स्पष्ट आहे. बॅटचे वजन दुप्पट केले तर तिच्यातील गतिज ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. हा वेग केवळ दंडांतून येत नाही. मागच्या पायावरचा भार पुढे येतो, कंबर वळते, मग खांदे आणि सर्वांत शेवटी मनगटे. हा क्रम चुकला की पहिलवानाचे बळही वाया जाते. शिवाय चेंडू बॅटच्या योग्य भागावर बसला पाहिजे आणि साधारण २५ ते ३० अंशांच्या कोनात उठला पाहिजे. महिलांच्या सामन्यात ४३ फुटांवरून वेगाने येणारा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोहोचतो. तेवढ्यात निर्णय घ्यायचा तो डोळ्यांनी, स्नायूंनी नव्हे.

२००४ साली अमेरिकेच्या जेनी फिंच या सॉफ्टबॉलपटूने अल्बर्ट पुहोल्ससारख्या बलाढ्य बेसबॉलपटूला एका प्रदर्शनीय सामन्यात बाद केले. त्याच्या बाहूंत बळ कमी नव्हते. खालून येणारा तो चेंडू ओळखण्याची सवय त्याच्या नजरेला नव्हती. आपल्याला तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलो वजनगटातले मल्ल होते. डावाविना जोर आंधळा, हे आपल्या तालमींनी केव्हाच ओळखले आहे.

तथापि, बळ निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ काढणे दुसऱ्या टोकाचे अज्ञान ठरेल. तंत्र समान असेल तर बलवानाचाच चेंडू दूर जाईल. मांड्या आणि कंबर दुबळी असेल तर उत्तम तंत्रही सामन्याच्या अखेरीस ढासळते. अर्धपोटी मुलाला केवळ तंत्राचे धडे देणे ही त्याची थट्टा आहे. प्रश्न क्रमाचा आहे. बळ सावकाश येते. त्याला सकस आहार, व्यायाम आणि वय लागते. तंत्र मात्र आज, याच मैदानावर, कृश मुलीलाही शिकविता येते. आधी निवड आणि मग शिक्षण, ही आपली रीत म्हणूनच उलटी आहे.

यासाठी मोठा खर्च नको. कमरेएवढ्या खुंटावर ठेवलेला स्थिर चेंडू रोज मारण्याचा सराव आणि तो डोळसपणे पाहणारा शिक्षक एवढे पुरे. खरी उणीव आहे ती अशा शिक्षकांची. क्रीडा खात्याने स्पर्धांच्या उद्घाटनांइतकेच लक्ष तालुक्यातील शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे दिले पाहिजे.

फर्दापूरहून हाकेच्या अंतरावर अजिंठ्याची लेणी आहेत. हातोडा आणि छिन्नीने तो कातळ कोरला गेला. तेथे बाहुबळ लागलेच. पण घाव कोठे, किती आणि कोणत्या कोनात घालावा, हे जाणणारा हात नसता तर तेथे केवळ दगडांचा खच पडला असता. त्या डोंगराच्या पायथ्याच्या मुलांना हे सांगणारे कोणी असू नये, हे शोभणारे नाही.