उघड्या दाराची श्रद्धा



यंदाच्या अंकाचा विषय आहे 'श्रद्धा आणि ढोंग'. दिवाळी अंकाचं संपादकीय ख्रिस्ती धर्मजीवनावर कशाला, असं काही वाचकांच्या मनात येईल. त्याचं कारण असं, की आपण ज्या अमेरिकेत संसार थाटले, तिथे श्रद्धा खरी की ढोंग, या प्रश्नावरून चर्च दुभंगली आहेत आणि एक मराठी बाई हाच प्रश्न उरात घेऊन इथे वावरून गेली आहे.

गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मचरित्र 1845 साली बोस्टनला प्रसिद्ध झालं. पुरवणीत त्यांनी निक्षून सांगितलं, की ख्रिस्ताचा धर्म आपल्याला प्रिय आहे. पण आठवडाभर चाबूक ओढून रविवारी प्रवचन देणाऱ्यांच्या धर्माशी त्याचं काहीही नातं नाही. त्याच वर्षी जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झालं. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमता यावं की नाही, यावरून ती फूट पडली होती. त्याबद्दल माफी मागायला या संस्थेला 1995 साल उजाडावं लागलं. बायबल दोन्हीकडे एकच होतं. एकाने ते स्वतःला तपासायला वाचलं, दुसऱ्याने स्वतःला सोडवायला.

सुरुवातीला उल्लेखलेली मराठी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. 1886 साली त्या फिलाडेल्फियाला आल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी. 11 मार्चला आनंदीबाई डॉक्टर झाल्या, हिंदू राहूनच. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. वाटा वेगळ्या, पण सचोटी दोघींची सारखीच. इंग्लंडमधल्या ज्या मठवासी भगिनींनी रमाबाईंना आसरा दिला, त्यांना रमाबाईंकडून आज्ञापालनही हवं होतं. रमाबाईंनी मात्र आपल्या सदसद्विवेकाचा अधिकार कोणाकडे गहाण ठेवला नाही. शाकाहार सोडला नाही, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत हवं असा आग्रह धरला.

अमेरिकेत त्यांना लोकांनी भरभरून दिलं. 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं मदत देण्याचं तिने ठरवलं. तरीही 1889 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात त्यांनी या देशाचं मनापासून कौतुक करतानाच इथल्या मूळ रहिवाशांवरचा अन्याय आणि गोऱ्यांचा वर्णद्वेषही नोंदवला. उपकारांनी त्यांची नजर झुकली नाही.

खरी परीक्षा पुण्यात झाली. तिथल्या शारदासदन या आपल्या शाळेत रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून 1893 मध्ये समाजसुधारक रानडे आणि भांडारकर शाळेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या शब्दावर विसंबून पालकांनी मुली पाठवल्या होत्या, हा त्यांचा आक्षेप हलका नव्हता. पण दार लावून घ्यायचं, चारचौघांत वेगळं दिसायचं आणि सगळ्यांची मर्जी राखायची, हा सोपा मार्ग रमाबाईंपुढे होता. तो त्यांनी घेतला नाही आणि त्याची किंमत मोजली.

त्यांचा धर्म स्वीकारणं न स्वीकारणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्यांच्या आयुष्यातून एक कसोटी हाती लागते: ज्यांची मर्जी आपल्याला हवी आहे, त्यांच्यापुढे आपली श्रद्धा बदलते का? परक्यांचं ढोंग कोणालाही दिसतं. आपल्या आश्रयदात्यांचं, आपल्या मंडळाचं, आपल्या घरातलं ढोंग बोलून दाखवायला खरी श्रद्धा लागते.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकनांना जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे जातिभेदावरचं पुस्तक अर्पण केलं. त्यानंतर दीडशे वर्षांनी, 2023 मध्ये, सिॲटल शहराला जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. हा भेद इथे आपणच आणला. कामाच्या ठिकाणी वर्णद्वेषाविरुद्ध ठामपणे बोलणारे आपण, मुलांची लग्नं जुळवताना काय विचारतो?

या अंकातल्या लेखक-कवींनी आपापल्या घरातलं, देवळातलं, चर्चमधलं असंच अवघड सत्य लिहिलं आहे.  मतभेद असतील तर जरूर कळवा. ते छापण्याइतकं आमचंही दार उघडं आहे.

आपल्याच माणसांपुढे खरं बोलण्याचं बळ ही दिवाळी आपणा सर्वांना देवो. शुभ दीपावली!

– संपादक