मुकेपण गेले, जबाबदारी आली

ज्या समाजाला शतकानुशतके बोलण्याचीच मनाई होती, त्या समाजाच्या हाती बोलण्याचे साधन यावे, ही सामान्य घटना नव्हे. आज बीड जिल्ह्यातील एखाद्या आडवळणाच्या वस्तीवरील तरुणाच्या खिशात जे यंत्र आहे, त्याच्या योगाने तो आपले गाऱ्हाणे क्षणार्धात मुंबईसच काय, साता समुद्रापलीकडेही पोहोचवू शकतो. त्यास संपादकाची मर्जी सांभाळावी लागत नाही की छापखान्याचे देणे चुकवावे लागत नाही. पत्रकारितेचे शिक्षण घेणारे आपले विद्यार्थी यावरून असा निष्कर्ष काढतात की, वृत्तपत्रांची सद्दी संपली, प्रत्येक नागरिक आता स्वतःच संपादक झाला, आणि राजकीय वादविवाद मूठभरांच्या हातून सुटून जनतेच्या हाती आला. या मतात उत्साह आहे, तसाच सत्याचा मोठा अंशही आहे. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. ते कसे, याचा विचार आपल्या कुटुंबांनी करणे अगत्याचे आहे.

स्वतःचे पत्र असणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक काढले. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. त्या काळच्या बड्या पत्रांत आपली सुखदुःखे छापून येत नव्हती; एवढेच नव्हे, तर 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊन छापण्याचेही 'केसरी'ने नाकारले होते. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर आपल्या लोकांनी पाण्याला हात लावला, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले. या दोन तारखांमधील अंतर ध्यानात घ्यावे. हक्क बजावणे जितके आवश्यक, तितकेच तो का व कसा बजावला हे स्वतःच्या शब्दांत जगापुढे मांडणेही आवश्यक असते. आपण मांडले नाही, तर दुसरा मांडतो, आणि तो त्याच्या सोयीने मांडतो. १९३० साली 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध भारत' याच जाणिवेतून पुढे आले.

दुसऱ्याने मांडले म्हणजे काय होते, याचा अनुभव मराठवाड्याने फार दूर नसलेल्या काळात घेतला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि गावोगावी आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. त्या समयी मराठवाड्यातील सर्वांत वजनदार दैनिक 'मराठवाडा' आणि त्याचे संपादक अनंत भालेराव नामांतराच्या विरोधी पक्षात होते. निजामी राजवटीविरुद्ध लढलेले ते पत्र होते. त्याच्या शब्दाला मान होता. आणि ज्यांची घरे जळाली, त्यांच्याजवळ रोजच्या रोज उत्तर देणारे एकही दैनिक नव्हते. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. म्हणजे एका ठरावाच्या अंमलबजावणीस साडेपंधरा वर्षे लागली. ही सारी दिरंगाई वृत्तपत्रांमुळे झाली, असे मी म्हणणार नाही. परंतु लोकमत घडविण्याचे साधन एकाच बाजूकडे असले म्हणजे न्याय्य मागणीदेखील हेकेखोरपणा ठरविता येते, हा धडा त्यातून घ्यावाच लागतो.

म्हणून नव्या साधनाचे स्वागत केले पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने या घटनेची योग्य दखल आरंभी घेतली नाही. आपल्या सुशिक्षित तरुणांनी ई-मेल, ब्लॉग आणि पत्रके यांच्या द्वारा ती वार्ता शहरोशहरी नेली. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले आणि मग मोठ्या पत्रांनाही जाग आली. येथवर विद्यार्थ्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे ठरते.

पण प्रकरण येथे संपत नाही. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवून सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कमी करून २५ वर्षांच्या कारावासाची केली. आणि या दोन्ही न्यायालयांत अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप टिकला नाही. ज्या गोष्टीविषयी सारा समाज निःशंक होता, ती गोष्ट न्यायालयाच्या दप्तरात सिद्ध झाली नाही. वार्ता पसरविणे हे एक कार्य आहे आणि पुरावा उभा करणे हे अगदी निराळे कार्य आहे. पहिले घडले म्हणजे दुसरे आपोआप घडते, हा भ्रम आहे. आणि वकिलीच्या व्यवसायात मला तो भ्रम वारंवार आढळतो. पक्षकार येतो, मोबाईल पुढे धरतो आणि म्हणतो, "साहेब, हे बघा, सगळ्या जगानं पाहिलंय." जगाने पाहिले असेल; न्यायालयाने पाहावे यासाठी कायद्याने सांगितलेली वाट चालावी लागते.

ती वाट आपल्या शेजारच्या जिल्ह्यातीलच एका खटल्याने स्पष्ट केली आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणले नसेल, तर त्यातील मजकुराच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र असणे अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हीच अट आहे. यास्तव जातिवाचक शिवीगाळीचा मजकूर आला, तर रागाच्या भरात तो शंभर जणांना पाठवून मग स्वतःच्या मोबाईलमधून पुसून टाकू नये. मूळ संदेश जसाचा तसा ठेवावा. पाठविणाऱ्याचा क्रमांक, तारीख, वेळ आणि गटातील साक्षीदारांची नावे कागदावर टिपून ठेवावीत. ज्या मोबाईलवर तो आला, तो विकू नये वा बदलू नये. ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी. ती घेतली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी, आणि त्याउपर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने कलम १८-अ मध्ये स्पष्ट केले आहे. ते आपल्या प्रत्येक कुटुंबात ठाऊक असावे.

आता दुसरी बाजू. हे साधन जसे आपल्या हाती आहे, तसे जमावाच्याही हाती आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, आरक्षणाचे आंदोलन ऐन भरात असताना, माजलगावच्या आमदारांचे म्हणून एक ध्वनिमुद्रण मोबाईलवरून फिरले आणि त्यांचे घर पेटविले गेले. त्याच दिवशी बीड शहरातही जाळपोळ झाली. नंतर संचारबंदी आली, इंटरनेट बंद झाले. बोलणाऱ्याचे पूर्ण बोलणे काय होते, हे जमाव तपासत बसत नाही. आणि सेवा बंद झाली म्हणजे जाळणाऱ्याचे तोंड बंद होते, तसेच मदतीसाठी हाक मारणाऱ्याचेही बंद होते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते अनिश्चित काळासाठी असता कामा नयेत, असे बजावले.

घटनेच्या कलम १९ ने भाषणस्वातंत्र्य दिले आहे. त्याच कलमात त्याच्या मर्यादाही आहेत. केवळ त्रासदायक वाटेल अशा मजकुराबद्दल तुरुंगात टाकणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, हे योग्यच झाले. परंतु जातीजातींत वैर पसरविणे आजही न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि तो पुढे पाठविणाऱ्यासही भोवू शकतो. आपल्या तरुणांवर खटला गुदरला, तर नोकरीची दारे बंद होतात. ज्याने मूळ मजकूर रचला, तो मात्र नामानिराळा राहतो.

राजकीय वादविवादाची स्थिती याहून शोचनीय आहे. बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यास रानड्यांवरील व्याख्यानात सांगितले होते की, या देशातील पत्रकारिता एके काळी व्यवसायधर्म होती, ती आता धंदा झाली आहे आणि विभूतींचे नगारे वाजविणे हेच तिने आपले काम मानले आहे. साधन बदलले, नगारा तोच राहिला. या जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे उसाच्या फडावर जातात. मुकादमाची उचल, कोयत्याचा दर, कोपीत राहणाऱ्या लेकरांची बुडालेली शाळा, पिशवी काढून टाकलेल्या बायांचे आजार, हे खरे राजकीय प्रश्न होत. मोबाईलवर मात्र आपल्या नेत्याची मिरवणूक आणि दुसऱ्याच्या जातीची निंदा यांचाच बाजार दिसतो. ज्याची उचल फिटलेली नाही, तोही रात्री जागून दुसऱ्याच्या पुढाऱ्यास शिव्या लिहितो, आणि सकाळी कोयता घेऊन त्याच दराने ऊस तोडतो. यात त्याचा काय लाभ झाला?

आपण धम्माचा स्वीकार केला, तेव्हा खोटे न बोलण्याचे शील घेतले. तथागतांनी सम्यक वाचेत असत्यासोबतच चहाडी, कठोर भाषण आणि व्यर्थ बडबड हीही वर्ज्य सांगितली. आणि ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव म्हणून मानू नये, असे कालामांस शिकविले. संदेश पुढे पाठविणे हेही भाषणच होय. जे तोंडाने बोलण्यास आपण कचरू, ते बोटाने पाठविल्याने शील राखले जात नाही.

तात्पर्य, विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच : प्रत्येक जण संपादक झाला असेल, तर प्रत्येकाने संपादकाचे काम केले पाहिजे. बातमी तपासणे, दोन्ही बाजू ऐकणे, नाव-गाव-तारीख नोंदविणे आणि लिहिलेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी घेणे हे ते काम होय. प्रत्येक बुद्धविहारात लिहिता-वाचता येणाऱ्या दोघा-चौघांनी, त्यांत एक तरी भगिनी असावी, एक वही ठेवावी. वस्तीतील अन्याय, फिर्याद दिल्याची तारीख, ठाण्याचे उत्तर, फडावर गेलेल्या कुटुंबांची उचल आणि शाळा सुटलेली मुले, हे सारे त्या वहीत लिहावे. मोबाईलवरचा मजकूर उद्या दिसेनासा होईल; सह्यांनिशी लिहिलेली वही दहा वर्षांनीही साक्ष देईल. मोबाईलने हाक मारावी, वहीने हिशेब मागावा. मूकनायकाच्या वारसांनी नुसता आवाज करून भागणार नाही. आपला शब्द न्यायासनापुढे टिकला पाहिजे.