हत्यार कोणते, हे शेतकरी ठरवील



डुकरांचा कळप एका रात्रीत ज्वारीचे काय करतो, हे तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेतल्या टेक्सासमध्येही मोकाट डुकरे शेते उकरतात. तिथे 2019 पासून जमीनमालकाची संमती असली की खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. बंदुकीबरोबर क्रॉसबोही चालतो. म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेले धनुष्य.

त्याचे मुख्य प्रकार दोन. रिकर्व्ह म्हणजे टोके पुढे वळलेले साधे धनुष्य आणि एक दोरी. तो रुंद, झाडीत अडतो. पण दोरी तुटली तर शेतातच नवी चढवता येते. कंपाऊंडला टोकांशी चाके आणि जादा दोऱ्या. तो अरुंद, मचाणावर सोयीचा, बाणही सहसा जास्त वेगाने सोडतो. मात्र दोरी तुटली की बहुधा दुकान गाठावे लागते.

जाहिरात वेग विकते. जवळच्या डुकराला दोन्ही पुरतात. म्हणून दुकानापासून दूर राहणाऱ्याला रिकर्व्हच बरा, असे माझे मत. ऐन हंगामात बंद पडलेला फवारणी पंप ज्याने पाहिला, त्याला हे पटेल.

तिथली डुकरे बाहेरून आणलेली, आपली रानातली. हा फरक मान्य. पण तिथला शेतकरी हत्यारावर वाद तरी घालतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे लेखी परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे गुन्हा. पीक आपले, राखण आपली, निर्णय मात्र कचेरीत! तो बांधावर आला पाहिजे. बैठकीत हे ठासून मांडा.