अंगावरचे दूध आणि फवारणीचे विष

गाईची कास सुजून तिला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले, म्हणजे काही दिवस तिचे दूध डेअरीस घालू नये, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तोच विचार घरातील लेकुरवाळ्या स्त्रीविषयी आपण क्वचितच करतो. आणि करतो तोही भलत्या जागी. तापाची साधी गोळी घेतली म्हणून मुलास अंगावरून तोडावयाचे, पण तीच माता फवारणीचे औषध पाण्यात कालवीत असता तिकडे पाहावयाचेही नाही, असा हा उफराटा व्यवहार आहे.

बहुतेक औषधांचा अत्यल्प अंशच आईच्या दुधात उतरतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अमोक्सिसिलिन ही नित्याची औषधे योग्य मात्रेत घेतल्यास पाजणे थांबविण्याचे सहसा कारण नसते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, व पुढे अन्य अन्नासोबत दोन वर्षे वा अधिक काळ तेच चालू ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश आहे. तेव्हा अकारण दूध तोडणे ही मुलाची मोठीच हानी होय. मात्र वाटेल ते औषध दुकानातून आणून घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. शरीरात त्याचे मॉर्फिन बनते, व काही स्त्रियांत ते इतक्या त्वरेने बनते की दुधावाटे मुलाचा श्वास मंदावतो. म्हणूनच २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाजणाऱ्या मातांस ते वर्ज्य सांगितले. मूल अंगावर पीत आहे, हे डॉक्टरांस आधी सांगावे, हाच राजमार्ग होय.

मिश्रीस तर आपल्याकडे कोणी व्यसनही मानीत नाही. परंतु ती भाजलेली तंबाखूच होय. तिच्यातील निकोटीन रक्तातून दुधात उतरते, आणि दुधात त्याचे प्रमाण रक्ताहूनही अधिक असते. येथे सोडावयाची ती मिश्री, दूध नव्हे.

आता शेतातील विषाकडे वळू. डीडीटी शरीराच्या चरबीत साठते व दुधावाटे बाहेर पडते, हे अमेरिकेत १९५१ सालीच प्रसिद्ध झाले होते. भारतात त्याचा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला, व एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. तरीही इतर जहाल औषधे आपल्या कोठीत आहेतच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसांहून अधिक माणसे विषबाधेने दगावली, हे कोणी विसरू नये. धडधाकट पुरुषाची जेथे ही गत, तेथे बांधावरच्या झोळीतील तान्ह्याचा काय पाड?

हा उपाय सर्वस्वी धन्याच्या हाती आहे. लेकुरवाळ्या स्त्रीस, मग ती घरची असो वा रोजाची, औषध कालविण्यास, पंप भरण्यास वा फवारणीचे कपडे धुण्यास लावू नये. फवारलेल्या रानात जाण्याची डब्यावर लिहिलेली मुदत टळल्यावाचून तिला खुरपणीस पाठवू नये, व झोळी त्या रानापासून दूर बांधावी. फवारून आलेल्या पुरुषाने स्नान करून कपडे बदलल्यावरच मूल उचलावे. रोज बुडेल या भयाने मजूर स्त्री नाही म्हणत नाही. म्हणून तिला त्याच मजुरीवर दुसरे काम द्यावे. ज्यास गाईच्या दुधाची इतकी चिंता, त्यास हे जड वाटू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.