अर्नोकाठचे कोल्हापूर

मे महिन्यात आम्ही सहकुटुंब जर्मनीला लेकीकडे गेलो होतो. जावईबापूंनी इटलीही दाखवली. फ्लॉरेन्सला अर्नो नदीकाठच्या बागेत छत्रीखाली फेटेवाला अर्धपुतळा दिसला. नातवाने विचारले, "आजोबा, हे आपले कोण?" कोल्हापूर आपल्या शेजारी, पण नाव आम्हाला पाटी वाचून कळले! छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी तिथे वारले. अर्नो-मुन्योने संगमावर दहन झाले. १८७४ च्या त्या छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. बोरगावची मुले सहलीला तो राजवाडा पाहतात, पेंढा भरलेला वाघ पाहून परततात. आमच्या मते ही हकिकत त्यांना तिथेच सांगावी. युरोपात नातलगांकडे जाणाऱ्यांनी पिसाच्या मनोऱ्याबरोबर इथेही अर्धा दिवस काढावा. नातवाला आता नवा राजवाडा बघायचाय, दिवाळीत येतोय.