पंचनाम्याच्या आधी

महापूर ओसरला की गावात पंचनामे सुरू होतात. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक दारोदार फिरून पडलेल्या भिंती, दगावलेली जनावरे आणि खरडून गेलेली जमीन नोंदवतात. पासबुकाच्या झेरॉक्स गोळा होतात. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीने सोलापूर आणि धाराशिवमध्ये थैमान घातले, त्यानंतरही हेच झाले. मदत हा पूरग्रस्तांचा हक्क आहे आणि ती वेळेवर मिळालीच पाहिजे. पण पंचनामा फक्त काय गेले ते मोजतो. ते का गेले आणि पुढच्या वेळी काय वाचवता येईल, हा रकाना त्यात नसतो. सलत राहते ती हीच गोष्ट.

निधीची विभागणीही असेच सांगते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील 40 टक्के रक्कम बचाव आणि मदतीला, 30 टक्के पुनर्उभारणीला, 20 टक्के धोका कमी करण्याला आणि 10 टक्के पूर्वतयारीला ठरवून दिली. म्हणजे शंभर रुपयांतले दहा रुपये पूर येण्याआधीच्या तयारीचे. ही तयारी गावात उतरली, तर मदतीचे कितीतरी रुपये वाचतील.

तयारीची सुरुवात इशाऱ्यापासून होते. कोल्हापुरात पावसाळाभर राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटा-इंचांत तोंडोतोंडी असते. तिथे पंचगंगा नदीची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले. मात्र बंधाऱ्यावरचा आकडा आणि आपल्या गल्लीतले पाणी यांची सांगड घातल्याशिवाय इशारा कामाचा ठरत नाही. कितव्या फुटाला कोणता रस्ता बंद होतो, कोणत्या आळीत आधी पाणी शिरते, हे जुन्या माणसांना पाठ असते. ते कागदावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आले पाहिजे.

दुसरी बाब जनावरांची. गोठ्यातली म्हैस मागे ठेवून शेतकरी घर सोडत नाही. ‘अजून एक दिवस बघू’ म्हणत थांबतो आणि तेवढ्यात वाट बुडते. करवीर तालुक्यातील चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना हे अनुभवाने कळले आहे. पाणी वाढू लागले की तिथली कुटुंबे जनावरांसह सोनतळीच्या उंचवट्याकडे निघतात. वेळ टळली की काय होते, ते 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळने पाहिले. पुरातून बाहेर पडणाऱ्यांनी खचाखच भरलेली नाव उलटली आणि अनेकांचे जीव गेले. म्हणून वैरण, दावणीची जागा, लाइफ जॅकेट, पट्टीचे पोहणारे, अंथरुणाला खिळलेली माणसे आणि दिवस भरत आलेल्या बायका यांची यादी पावसाआधीच तयार हवी.

चक्रीवादळात नदीच्या पुरापेक्षा हाती वेळ अधिक असतो, आणि त्याचा उपयोग कसा करावा हे ओडिशाने दाखवले. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण स्थापले, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावातल्या समित्यांना आणि तरुणांना प्रशिक्षण दिले. मे 2019 मध्ये ‘फनी’ आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

जीव वाचला तरी संसार उभा राहायला वर्षे लागतात. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने कोकणातल्या श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. नवे सुपारीचे रोप धरते व्हायला पाच-सहा वर्षे तरी जातात. शिवाय हेक्टरी भरपाई काही गुंठ्यांच्या वाडीला पुरत नाही. झाडागणिक हिशेब मागावा लागला. चिपळूणने आणखी पुढचा प्रश्न विचारला. 22 जुलै 2021 च्या पुराने बाजारपेठ बुडाल्यावर तिथल्या नागरिकांनी बचाव समिती स्थापून वाशिष्ठी नदीतला गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केले, आणि पुढे गाळ उपसण्याचे काम सुरू झाले. पुढच्या पुराचा धोका कमी करण्यासाठी गावाने असा आग्रह धरणे, हेच खरे सावरणे.

या दिवाळी अंकातला ‘पाणी आणि गाव’ हा विभाग त्याच विचाराने आखला आहे. अंकाचा वाचक गावोगावी आहे, ग्रामसभेत बसणारा आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणे बंधनकारक केले आहे. गावाच्या आराखड्यालाही असाच दिवस ठरवून द्यावा. 1 मेची ग्रामसभा पावसाच्या महिनाभर आधी येते. तिच्या विषयपत्रिकेवर पूररेषा, याद्या, निवाऱ्याच्या किल्ल्या कोणाकडे आणि मागच्या पंचनाम्यातून काय शिकलो, हे चार विषय दरवर्षी असावेत. नदीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाने येत्या 1 मेपासूनच हे सुरू करावे.